डेबीच्या घरचा गुरुवार

गुरुवारी मैत्री घरात शिरायची तेव्हा तिच्या स्वेटशर्टला एक वास असायचा. मांसाचा, टोमॅटोचा, वितळलेल्या चीजचा. तिची आई, सुजाता गजभिये, लॅपटॉप मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलेली असायची. तो वास आला की तिची बोटं की-बोर्डवर थांबायची.

"जेवायला वाढू?"

"आय एट, आई. ॲट हेलीज."

हेली ही मैत्रीची व्हॉलीबॉलच्या टीममधली मैत्रीण आणि डेबी हेलीची आई. गुरुवारी प्रॅक्टिस संपली की डेबी दोघींना आपल्या घरी न्यायची, खाऊपिऊ घालायची आणि मग मैत्रीला दारात आणून सोडायची. त्या वेळी सुजाताची नेमकी मीटिंग असायची, म्हणून ही सोय तिनंच लावली होती. आभार म्हणून डेबीला फुलांची कुंडीसुद्धा दिली होती. आता तिला त्या कुंडीचाही राग येत होता.

"काय होतं आज?"

"बीफ अँड पास्ता. ती सकाळीच स्लो कुकरमध्ये टाकते, दिवसभर शिजतं. यू कॅन स्मेल इट फ्रॉम द ड्राइव्हवे!" मैत्रीनं डोळे मिटून घेतले. "दोनदा घेतलं मी."

घरी या पोरीला दुसरी पोळी वाढायची तर मिनतवाऱ्या कराव्या लागत.

सुजाता नागपूरची, इंदोऱ्यातली. तिच्या माहेरी बीफ हा शब्द नव्हता. 'मोठ्याचं' म्हणायचे. रविवारी आई पातेलं चुलीवर चढवायची आणि भावंडं अभ्यासाचं निमित्त करून स्वयंपाकघरातच बसायची. सुजाता शिकली, इंजिनियर झाली, विवेकशी लग्न करून अमेरिकेत नोव्हायला आली आणि मोटारींच्या सीट तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला लागली. इथल्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये एका रविवारी तिनं आईसारखंच शिजवलं होतं. समोरच्या दारातल्या काकूंनी हसत विचारलं, "अगंबाई, काय शिजतंय तुमच्याकडे?" तिनंही हसत सांगून टाकलं. त्यानंतर काकूंची नात खेळायला आली नाही. मैत्री तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. जिन्यात उभी राहून त्या मुलीला हाका मारायची.

तेव्हापासून घरात फक्त चिकन, अंडी आणि कधीतरी मासे. विवेकनं कारण विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आणि आता हे असं. पोरीला मैत्रिणी मिळाव्यात म्हणून जे आपण घराबाहेर ठेवलं, ते दुसऱ्याच बाईनं तिला पोटभर वाढायचं, वर पोरीनं घरी येऊन त्याचं कौतुक सांगायचं. डेबी चांगली होती, हीच अडचण होती. वाईट असती तर राग धरता आला असता. हे जे काही होतं ते रागाहून बारीक होतं. दातात अडकलेल्या तंतूसारखं, जीभ सारखी तिथंच जायची.

पुढच्या बुधवारी ओट्यावर नवा कोरा स्लो कुकर आला.

"उद्या जेवायला घरी यायचं," सुजाता मैत्रीला म्हणाली. "मी करणार आहे ते. तुझं बीफ."

"ओह." मैत्रीनं आधी कुकरकडे पाहिलं, मग आईकडे. "इट्स नॉट अ कॉम्पिटिशन, आई."

"कोण म्हणालं कॉम्पिटिशन आहे?" सुजाता म्हणाली. पण तिचा आवाज असा चढला की सांगायचं काही उरलं नाही.

गुरुवारी तिनं मीटिंग रद्द केली आणि घरूनच काम घेतलं. सकाळीच मांसाचे तुकडे, कांदा, टोमॅटो, पाणी आणि मीठ भांड्यात घातलं. वर पास्ताही टाकला. खिचडीसारखं सगळं एकदमच. मग झाकण लावलं. थोड्या वेळानं काढून पाहिलं. चमचा फिरवला. परत लावलं. कामात जरा खंड पडला की उठायची आणि झाकण काढायची.

"कावून उघडून राहिली सारखी?" घरी असला की विवेक नागपुरीवर यायचा. "झाकण काढू नका असं लिहिलंय त्याच्यावर."

"मग शिजलं की नाही ते कळणार कसं? शिट्टी नाही, काही नाही. मुकं यंत्र!"

"डेबीला कळते ना."

"डेबीचं नाव काढू नकोस."

"बरं बाबा. आज गुरुवार पण. अर्ध्या कॉलनीचा उपास, अन् आमच्याकडे मोठ्याचं!" तो एकटाच हसला.

संध्याकाळी मैत्री आली, हात धुऊन टेबलाशी बसली. पास्त्याचा लगदा झाला होता. मांस रबरासारखं लागत होतं. मैत्रीनं बराच वेळ एक घास चावला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "इट्स रिअली गुड. थँक यू, आई."

परक्या घरी एखादी गोष्ट आवडली नाही तर काय म्हणायचं, हे सुजातानंच तिला शिकवलं होतं.

"खोटं बोलू नकोस. डेबीचं असं लागतं?"

"...नो. हर्स इज सॉफ्ट."

सुजातानं तिच्यासमोरची प्लेट उचलली. त्यातले आणि स्लो कुकरमधले मांसाचे सगळे तुकडे वेचून काढले. फळीवरचा प्रेशर कुकर खाली घेतला. तेल तापलं, त्यात लसूण पडला, सुक्या मिरच्या, भाजलेलं खोबरं, मसाला. ठसक्यानं तिच्या डोळ्यांना पाणी आलं. ठसक्यानंच, असं तिला वाटलं. तुकडे आत गेले, झाकण बसलं आणि पहिली शिट्टी होईपर्यंत घरभर वास दरवळला.

मैत्री उठली. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मागचं सरकतं दार लावलं, खिडकी ओढली, पंखा चालू केला आणि ड्रॉवरमधली सुवासिक मेणबत्ती शोधू लागली.

"काय करतेस?"

"बंद करतेय. तू मासे तळतानापण करतेस ना."

"कशासाठी करते, माहितेय?"

"सो दॅट पीपल डोंट नो."

"काय?"

मैत्रीनं खांदे उडवले. "आय डोंट नो. अबाउट अस."

दुसरी शिट्टी झाली. विवेक मोबाइल खाली ठेवून बघत राहिला. सुजातानं गॅस बारीक केला, दाराशी गेली आणि ते सरकतं दार पार टोकापर्यंत उघडलं. खिडकीही उघडली. मग तिथंच उभी राहून तिनं मैत्रीला इंदोऱ्यातल्या रविवारांबद्दल सांगितलं आणि जिन्यातल्या त्या हाकांबद्दलही.

"दॅट्स सो मीन," मैत्री म्हणाली. मग म्हणाली, "अँड आजी मेड धिस?"

"हेच. पास्ता सोडून."

नवा पास्ता उकडून तिघं जेवायला बसले. मैत्रीचं नाक वाहायला लागलं, कान लाल झाले, पण हात थांबला नाही.

"डेबीपेक्षा बरं की वाईट?"

"अगं!" विवेक म्हणाला.

"डिफरंट," मैत्री म्हणाली आणि प्लेट पुढे केली. "अजून दे. आणि आई, डब्यात थोडं भरून देशील? उद्या हेलीकडे नेते. डेबी वुड लव्ह धिस."

सुजाताचा डाव हवेतच थांबला. कुकर निम्म्याहून जास्त भरलेला होता.

"नको," ती म्हणाली. "पुरायचं नाही."

विवेकनं मान लांब करून कुकरात डोकावलं आणि तोंड उघडलं.

"पुरायचं नाही म्हणते ना मी," सुजाता म्हणाली आणि लेकीच्या प्लेटमध्ये आणखी एक डाव वाढला.