कोरडी चटणी

माणसाचं रक्त नळीत घालून मशीनवर फिरवलं की खाली लाल गोळा बसतो आणि वर फिकट पिवळं पाणी उरतं. गडचिरोलीच्या लॅबमध्ये रोज हेच बघून माझे डोळे इतके निबर झालेत, की पेशंटचा चेहरा विसरते पण नळी विसरत नाही. धाकट्या बहिणीची नळी मशीनमधून काढली तेव्हा वरचं पाणी पांढरं होतं. दूध भरावं तसं. मला वाटलं, मीच काहीतरी घोळ घातला. पुन्हा रक्त काढलं. पुन्हा तेच.

ती सातव्या महिन्यात होती. कुरखेड्याकडच्या सासरहून पोट धरून आली होती आणि तिला बाकावर सरळ बसवत नव्हतं. ती नळी मी फ्रिजमध्ये ठेवली, तर सकाळी वर चक्क सायीचा थर धरलेला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि त्यांचा आवाज उतरला. खाल्लेली चरबी हिच्या रक्तातून निघूनच जात नाही, म्हणाले. त्यापायी स्वादुपिंड सुजलंय. या वेळी निभावेल, पुढच्या वेळेचं सांगता येत नाही. तेल, तूप, दूध, मटण सगळं बंद. बाळंतपणातही बंद, जन्मभर बंद.

त्याच दुपारी मी स्वतःचं रक्त तपासलं. स्वच्छ पिवळं निघालं. एका आईच्या पोटच्या आम्ही दोघी, एका ताटात जेवून वाढलेल्या. सुटले म्हणून बरं वाटायचं सोडून मी त्या नळीवरच चिडले.

मुलगी झाली, ठणठणीत. पण खरं संकट पुढंच होतं. आमच्या भागात बाळंतिणीला रुकं, तेलातुपावाचून, जेवू घालणं म्हणजे घरादाराची नामुष्की. डिंकाचे लाडू हवेत, खोबरं हवं, गरम भातावर जवसाच्या तेलाची धार हवी. तिची सासू तर तेलातलीच बाई. मोहाच्या टोळी, म्हणजे बिया, वेचायच्या, फोडायच्या, वाळवायच्या आणि घाण्यावर स्वतः घेऊन जायच्या, हा तिचा उन्हाळा. तिला समोर बसवून मी सगळं बजावलं. मग ती उठली आणि माझ्यादेखत तेलाचा डबा माळ्यावर ठेवून आली. सासवांच्या कहाण्या मीही पुष्कळ ऐकल्यात, पण ही बाई सुनेच्या ताटात कोरा भात वाढताना डोळे पुसायची.

गावानं काही तिला सोडलं नाही. शेजारीण अंगणातून ओरडायची, "काऊन वो, सुनेले रुकंच चारून राह्यली? तेल काय माहेरी धाडतं का?" ती खाली मान घालून अंगण झाडत राहायची. सुनेच्या रक्तात दूध दिसतं म्हणाली असती, तर लोक करणी कोणी केली ते शोधत बसले असते.

बहीण फोनवर कुरकुरायची. उकडलेल्या भाजीनं तोंड विटलं, म्हणायची. मग एके दिवशी तिचा आवाज एकदम मोकळा आला. "ताई, लय दिवसानं पोटभर जेवली मी." मलाही त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पुढच्याच आठवड्यात तिला पुन्हा आणलं. या वेळी मशीनची गरजच पडली नाही, सिरिंजमध्येच रक्त दुधाळ गुलाबी दिसत होतं. मी तिच्यावर जवळजवळ ओरडलेच, काय खाल्लंस म्हणून.

"काहीच नाई वो ताई. भात न् जवसाची चटनी."

सासू उशाशी उभी होती. तिनं मान हलवली. "तेलाचा थेंब नाई टाकला माय. जवस भाजले, लसून-मिरची टाकून कुटले. एकदम कोरडी चटनी. तिले दोन घास जास्त जाते म्हून रोज देत होती."

जवसाच्या पाच वाट्यांतले दोन वाटे निव्वळ तेल. घाण्यातून गळतं ते तेल आणि दाण्यात राहतं तो दाणा, असा हिशोब रक्ताला कळत नाही. पण आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, कोरडी चटणी म्हणजे कोरडीच. आयुष्यभर बियांतून तेल काढणाऱ्या त्या बाईलाही ते दिसलं नव्हतं. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. बहिणीनं सासूचा हात घट्ट धरला होता.

नागपूरला नेलं. तिथून ती आलीच नाही.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाला अंगण पांढऱ्या साड्यांनी भरलं होतं. तेलाचा टोमणा मारणारी शेजारीणच सगळ्यांत मोठ्यानं रडत होती. माझे हात नुसते शिवशिवत होते. वंदना झाली, लोक पंगतीला बसले, तेव्हा सासू बाळाला घेऊन माझ्याजवळ आतल्या खोलीत आली आणि भिंतीला टेकून बसली.

"माय, खरं सांग. त्या चटनीत काही होतं का?"

या प्रश्नाची मी वाटच बघत होते. नागपूरहून येताना गाडीत मी उत्तराचा शब्द न् शब्द जुळवून ठेवला होता. पण ती बाई अर्धी झाली होती. तिनं धड खाल्लेलंही नसावं. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला आणि तिची नुसती दया आली.

"नाई बाई," मी म्हटलं. "काही नव्हतं."

तिनं डोळे मिटले. बाळाला छातीशी धरून ती हलकेच झुलू लागली.

"मले वाटतच होतं. जवस काय वाईट करन? इले बी दात आले का भातासंगं देत जाईन. इच्या मायले लय आवडे."

हे दुखणं आईबापांकडून लेकराकडं येऊ शकतं, पोर थोडी मोठी झाली की तिचंही रक्त तपासा, असं नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पोर आजीचं बोट तोंडात धरून चोखत होती.

"बाई," मी म्हटलं, "पोरीले आधी माह्याजवळ द्या."

तिनं दिली. मग मी तिला खरं सांगितलं.