मागल्या तळ्याची उचल

एल्ब्रिज पेल्की पाहुण्यांना कधी शिव्या देत नसे. त्या तो घरच्यांसाठी राखून ठेवायचा.

बोस्टनचा एखादा वकील भर तळ्यात कॅनूमध्ये उभा राहिला, तर एल्ब्रिज लोण्यासारख्या आवाजात म्हणायचा, "पाहुण्यांनी हलायचं नाही. हलायला मी आहे." आणि तोच एल्ब्रिज कॅम्पवर परतला की मला विचारायचा, "डॉर्कस, ही बिस्किटं आहेत की चुलीचे दगड निखळले?" सोळा वर्षं मी त्याच्या मासेमारीच्या कॅम्पात स्वयंपाक केला. त्याच्या तोंडून कौतुकाचा शब्द एकदाच ऐकला, तोही माशाबद्दल.

मासा अर्थात मागल्या तळ्यातला. कॅम्पसमोरचं मोठं सरोवर ओलांडायचं आणि पलीकडच्या जंगलातून कॅनू खांद्यावर घेऊन सव्वा मैल चालायचं. या चालण्याला आम्ही उचल म्हणतो. तळं एवढंसं, की या काठावर शिंकलं तर त्या काठावरचा पक्षी उडेल. पण पाणी काळं आणि थंडगार, आणि त्यात ट्राउटशिवाय दुसरा मासाच नाही. शेंदरी पोटाचे, निळ्या कड्यांत लाल ठिपके असलेले, तीन-तीन पौंडांचे ट्राउट. त्या एका तळ्यासाठी पाहुणे दोन वर्षं आधी पत्र टाकत.

अशा तळ्यांना कागदावर मालक नसतो. आमच्याकडच्या वाटाड्यांमध्ये मात्र असतो. वसंतात तळ्यांवरचं बर्फ फुटलं की मालकाने हंगामाची पहिली उचल करून दाखवायची. एकट्याने, एका दमात, थेट पाण्यापर्यंत. मध्ये कॅनू जमिनीला लागली, झाडाला टेकली, कुणाचं बोट लागलं, तर तळं गेलं. मागून चालणाऱ्यांपैकी जो ती उचलून पाण्यात घालील, त्याचं. एल्ब्रिजने तळं असंच मिळवलं होतं, सख्ख्या थोरल्या भावाकडून. तो किस्सा तो जेवताना सांगायचा. "मर्ल बसलेला चिखलात, नाकातून शेंबूड. म्हणतो कसा, हात दे रे. म्हटलं, हात रिकामे नाहीत दादा, तुझी कॅनू धरलीये!" आणि टेबल बडवून हसायचा.

रोवेना त्याची एकुलती एक मुलगी. चौतीस वर्षांची, रुंद खांद्यांची, वाटाड्याचा परवाना असलेली. सतरा वर्षं त्याने तिला मोठ्या सरोवरावरच ठेवलं, पाहुण्यांच्या बायकांना आणि पोरांना फिरवायला. मागल्या तळ्यात एकदाही गळ टाकू दिला नाही. त्या मे महिन्यात एल्ब्रिज एकोणसत्तरचा झाला. हिवाळ्यात दोनदा तो छाती धरून पायरीवर बसलेला मी पाहिला होता. रोवेनानेही पाहिला होता.

उचलीच्या दिवशी सकाळी बीन्सवर काकवी ओतत त्याने विचारलं, "मागून कोण कोण येणार?"

"मी," हॉलिस म्हणाला. हा शेजारच्या कॅम्पचा वाटाड्या.

"तू? तुझे गुडघे तुझ्याआधी वारले."

"मी कुठे उचलायला येतोय? मी फुकटचा मासा खायला येतोय."

"मीपण येतेय," रोवेना म्हणाली.

"भांडी उचलायला?"

"कॅनू उचलायला."

एल्ब्रिजने हॉलिसकडे पाहून डोळा मारला. "ऐकलंस? ऐंशी पौंडांची आहे ती, बाई. तुझ्या नवऱ्यासारखी नाही, की एक धक्का दिला आणि घराबाहेर."

"तो धक्का तू दिलास, बाबा."

"मग? तुला जमत नव्हतं."

रोवेनाने काटा खाली ठेवला. आवाज मात्र चढवला नाही. "बाबा, या वर्षी सरळ दे मला तळं. इथेच, टेबलावर. मी सगळ्यांना सांगेन, तू आपणहून दिलंस. तुझे जुने पाहुणे तूच ने."

"देतात ते कुत्र्याला," तो म्हणाला. "तळं घ्यायचं असतं."

"बरं. घेते मग."

त्या वाटेवर मी सगळ्यांत मागे होते, पाठीवर तवा, डुकराची चरबी आणि मक्याचं पीठ. पहिला मासा काठावरच तळायचा असतो. उलटी कॅनू खांद्यावर आली, तिच्या मधलं आडवं लाकूड, म्हणजे जू, मानेवर बसलं, की माणूस कमरेखालचाच उरतो. एल्ब्रिजचा आवाज विहिरीतून यावा तसा आतून येत होता. काळ्या माश्यांचे दिवस. दोन्ही हात कॅनूला गुंतलेले, त्यामुळे माश्या त्याच्या कानांमागे निवांत बसून खात होत्या. रक्त कॉलरवर उतरलेलं मला मागून दिसत होतं.

पहिला अर्धा मैल त्याने तोंड बंद ठेवलं नाही. "रो, दमलीस का गं रिकाम्या हाताने?"

"नाही, बाबा. तू?"

"मी तर झोपलोय चालता चालता."

पडलेल्या देवदारापाशी त्याला पाय वर उचलून पलीकडे टाकावा लागला. तिथून बोलणं थांबलं. मग दलदल आली. तिच्यावर आडवे ओंडके टाकलेले, सगळे शेवाळलेले. कॅनूचं टोक थरथरायला लागलं.

"बाबा," रोवेना म्हणाली, "डावा पाय ओढतोयस."

दहा पावलांनंतर तो थांबला, आणि आतून असा आवाज आला की मला वाटलं दुसराच कुणी बोलतोय.

"रो. जरा कॅनूचं शेपूट धर. दोनच श्वास."

हॉलिसने ताबडतोब तोंड फिरवून एका झाडाची साल पाहायला घेतली. मीही तव्याचा पट्टा आवळायला लागले. कुणी पाहिलं नसतं. कुणी बोललं नसतं. तिने हात पुढे केला असता तर ते तळं त्याच्या मरणापर्यंत त्याचंच राहिलं असतं, आणि हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

रोवेनाने दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले.

"ऐकू येत नाही, बाबा. मोठ्याने बोल."

तो अजून चार ओंडके चालला, आणि पाचव्यावर गुडघे गेले. कॅनू आधी चिखलात आपटली, मग तो.

रोवेना पुढे आली. कॅनू मांडीवर घेतली, एक हिसका दिला आणि जू मानेवर बसवलं, रोजचं काम असल्यासारखं. वाट एवढीच, आणि तो वाटेत पडलेला. ती त्याला ओलांडून गेली.

मी पाण्याचा पेला धरला, तर त्याने हाताने उडवला. "त्या मर्दिनीला दे. तिला लागेल."

तिला लागला नाही. आम्ही त्याला घेऊन काठावर पोचलो तेव्हा कॅनू पाण्यात होती आणि रोवेना मागच्या जागेवर, वाटाड्याच्या जागेवर, वल्हं घेऊन बसली होती.

"ये. पुढे बस," ती म्हणाली.

पुढची जागा पाहुण्याची. पन्नास वर्षांत तो तिथे बसला नव्हता. हॉलिस पुटपुटला, "राहू दे ना, रोवेना." ती म्हणाली, "तुझा मासा हवाय ना तुला?" एल्ब्रिज बसला. पाय चिखलाने माखलेले, हात मांडीवर. तळ्यात झरा फुटतो त्या उगमाजवळ, गळाच्या तिसऱ्याच फेकीला तिला मासा लागला, आणि तो वळून बघायला गेला, तर ती गोड आवाजात म्हणाली,

"पाहुण्यांनी हलायचं नाही. हलायला मी आहे."

मी मासा तळला. हॉलिसने खाल्ला.

पाच दिवस एल्ब्रिज ओसरीवरून उठला नाही. सहाव्या दिवशी सकाळी त्याने माझ्याकडे झाकणाची बादली मागितली आणि धक्क्यावर गळ घेऊन बसला. मोठ्या सरोवरात पर्च बक्कळ. काटेरी पाठीचा, पिवळा मासा. पोरंसुद्धा तो पकडून परत फेकतात. दुपारी तो ओलं पोतं टाकलेली बादली घेऊन छोट्या होडीकडे निघाला. मी पोतं उचलून पाहिलं. दहा-बारा पर्च, बहुतेक गाभोळीने टम्म फुगलेल्या माद्या, आणि दोन-तीन नर.

लहान तळ्यात पर्च शिरला की ट्राउट संपला. पर्च त्याची पिल्लं खातो, त्याचं खाणं खातो, आणि स्वतः उंदरासारखा वाढतो. आमच्याकडे हे दूधपित्या पोरालाही कळतं.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"पाहुणे सोडायला," तो म्हणाला. "झाक ते."

मी झाकलं. रोवेनाला सांगितलं असतं तर तिने त्याला वाटेतच गाठलं असतं. पण जेवणाच्या टेबलावर तिनेही मला कधी बस म्हटलं नव्हतं, आणि पगार अजून एल्ब्रिजच्याच हातून मिळत होता. असा विचार मी केला. चांगला नव्हता, पण केला.

कॅनू त्याला उचलवत नव्हती. बादली उचलवली. संध्याकाळी कमरेपर्यंत भिजून परतला, दोनदा वाढून घेऊन जेवला, बिस्किटांना नावं ठेवली नाहीत.

रोवेनाला दोन हंगाम सोन्यासारखे गेले. तिसऱ्या वर्षी तिच्या एका पाहुण्याला बोटभर पर्च लागला. ती मासा खिशात घालून आली आणि रात्रभर जाळी विणत बसली. जाळी लावून शेकड्यांनी पर्च काढले. चौथ्या वर्षी हजारांनी. पत्रं येईनाशी झाली. पाचव्या वर्षी, जूनमधल्या एका दुपारी, ती आत आली आणि एल्ब्रिजच्या ताटाशेजारी वीतभर पर्च ठेवला.

"तळून दे, डॉर्कस. बाबांना."

मी तळला. ती समोर बसून पाहत राहिली.

"तू सोडलेस," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "बारा. सगळे पोचले जिवंत." त्याने एक घास काढला. मग ताटाकडेच बघत, "एकही ट्राउट नाही?"

"नाही."

"उगमापाशी बघितलंस? मोठ्या दगडाखाली? तिथे पाणी गार असतं, रो. तिथे राहतात ते. उन्हाळ्यात तिथेच..."

"तिथे बघितलं. पर्च."

त्याचा जबडा थांबला. त्र्याहत्तर वर्षांचा तो माणूस त्या क्षणी किती म्हातारा होता ते मला पहिल्यांदा दिसलं, आणि मला वाटतं, रोवेनालाही. ती टेबलावर पुढे वाकली आणि अगदी मायेने म्हणाली,

"तळं परत घे, बाबा. तुझंच आहे. उद्या उचल कर. मध्ये टेकवलीस तरी चालेल. कुणी मागून येणार नाही."

ती उठून गेली. मी ताट उचलायला हात घातला, तर त्याने काटा आडवा धरला.

"संपलेलं नाही," तो म्हणाला, आणि एकेक काटा काढत शेपटापर्यंत खात राहिला.