पोट्रेट

आजी सकाळी गेली आणि बॅनरला लावायला तिचा एक धड फोटो आमच्याकडे नाय.

काकाचा मघापासून फोन. "तुझ्या मोबाइलमध्ये असंल रे, शोध."

शोधला. एक हाय. तोच खाली टाकलाय.
पुढे गॉगल लावून मी. मागे दारात जे धुरकट दिसतंय ना, ती आजी.

पोर्ट्रेट मोड. पुढचा क्लिअर, मागचं सगळं ब्लर.

आजी कधी फोटो काढूच द्यायची नाय. कारण हाच शब्द, पोर्ट्रेट.

ती वैशाखरे गावची. इंग्रज होते तेव्हाची गोष्ट, लग्न मुरबाडला ठरलेलं. घाटाखाली एक टोपीवाला साहेब चित्रं काढत बसायचा. गवताचा भारा घेऊन चाललेल्या या पोरीला त्याने दगडावर बसवलं आणि काढायला लागला. तेवढ्यात तिचा बा आला.

साहेब खुशीत तिच्याकडे बोट करून बोलला, "पोट्रेट! पोट्रेट!"

बाला इंग्रजी कुठलं? त्याला ऐकू आलं नुसतं पोट.
लग्नाआधी पोरीचं पोट!

कागद फाडला. पोरीला बडवत घरी नेली. बघणाऱ्यांनी मुरबाडपर्यंत पोचवलं, सोयरीक मोडली. मग शहापूरला बिजवराला दिली. तो आमचा आजोबा.

आजी हे सांगायची तेव्हा आमी पोरं हसायचो.

गेल्या सुट्टीत हाच फोटो काढताना मी भावाला बोललो, "पोर्ट्रेटवर ठेव."

दारातून आजी, "काय बोललास तू?"

"पोर्ट्रेट. मंजे माणसाचा चेहरा गो. तोंडाचा फोटो, नायतर चित्र."

"तोंडाचा? येवढाच?"

"येवढाच."

मग, "माझ्या बाला कुनी सांगाया पायजे होतं रे."

आणि पदर सारखा करून स्वतःहून बोलली, "आता माझा काढ. त्योच, पोट्रेट."

आसनगाव स्टेशनची जीप हॉर्न मारत होती.
"दिवाळीला काढतो गो. गाडी चुकंल."

आयुष्यात एकदा तिने मागितला होता.

आता इथे हैदराबादला गोडाऊनच्या पायरीवर बसून फोटो दोन बोटांनी मोठा करतोय. जेवढा मोठा करतो, तेवढी ती पुसत जाते. मी मात्र एकदम क्लिअर.

लाज वाटते.

काकाला सांगितलंय, मला कापून टाका. ती हाय तशीच लावा.

नीट जा गो आजी.