शब्द मागे घेताना

'देसदेसीर्से' या एका स्पॅनिश क्रियापदाने त्या आठवड्यात मला रडकुंडीला आणलं होतं. मी विंझरला घरी बसून स्पॅनिश पुस्तकं इंग्रजीत आणते. हातातल्या कादंबरीत एक म्हातारा गावच्या चौकात उभा राहून आपलेच शब्द मागे घेतो. 'रिट्रॅक्ट' लिहावं तर वकिलाची नोटीस वाटे, 'टेक बॅक' लिहावं तर दुकानात साडी परत करायला गेल्यासारखं. लिही, खोड, परत लिही. डोकं नुसतं भणभणत होतं.

तशीच खाली आले. आळीत पापड पाळीने लाटतात, आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. त्या दिवशी पाळी आमची होती. ओसरीवर सात-आठ जणी बसल्या होत्या, मीही लाटणं घेतलं. आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, शेजारीच होत्या.

"सांग की गं, त्या म्हाताऱ्याचं म्होरं काय झालं?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी फाडकन बोलले, "चौथी शिकलेल्या माणसाला काय सांगायचं, आक्का?"

मी कामाला बसले की "ती कामावर हाय, गप ऱ्हावा" म्हणून अख्ख्या घराला दटावणाऱ्या याच आक्का. त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायच्या आणि आत निघून जायच्या.

आमच्याकडे चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मिटवतात, चुलीपाशी मागितलेली माफी कुणी धरत नाही. आणि माझा म्हातारासुद्धा चौकातच गेला होता की! म्हणून पुढच्या पाळीला, शेजारच्या ओसरीवर, मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आक्का, त्या दिवशी मी तुमच्या चौथीवरून बोलले. ते शब्द मागे घेते."

लाटणी थांबली. आक्कांनी मान वर केली नाही.

"मागं काय घेतीस? खरंच हाय ते. चौथीच शिकलीय मी. फुडची शाळा लांब हुती, न्हाई धाडलं."

माझा मलाच असा संताप आला, की हातातला पापड फाटला. परवा मी बोलले तेव्हा निम्म्या जणींनी ऐकलंही नसेल. आज सगळ्यांनी नीट ऐकलं, आणि ते मी आक्कांच्याच तोंडून वदवून घेतलं होतं.