कोळणीचं उरलेलं वाक्य

“पुढचं सांगू नकोस,” अण्णा माझ्या कानाशी कुजबुजले. अण्णा म्हणजे आमचे हेड इंटरप्रिटर. समोर साहेबांनी दंड लिहायला टाक उचललाच होता.

प्लेगच्या आधीची गोष्ट. परळच्या बाजूला एका मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात मी इंटरप्रिटर होतो, म्हणजे दुभाष्या. साक्षीदार मराठीत बोलणार, मी गोऱ्या साहेबाला ते इंग्रजीत सांगणार. काम एवढंच. पण मधे आपली अक्कल घालायची खाज सुटते, तिथं माणूस फसतो.

आरोपी होती शीवच्या कोळीवाड्यातली चंद्राबाई. रस्त्यात मासळी घेऊन बसली म्हणून शिपायानं तिची पाटी लाथेनं उडवली. तिनं तीच पाटी त्याच्या डोक्यात घातली. मारलंस का, असं साहेबांनी विचारलं.

“व्हय, मारला,” ती म्हणाली. “माज्या म्हावऱ्याला लाथ मारलान. परत मारलान, तर परत मारीन.”

मारल्याचं आणि लाथेचं मी सांगितलं. बाईनं सरळ कबूल केलं म्हणून साहेब खूश झाले. आता दंडावर भागणार होतं. ‘परत मारीन’ मात्र अजून सांगायचं राहिलं होतं.

“घरी आंधळी सासू आहे तिची,” अण्णा म्हणाले. “तेवढं गीळ. पुण्य लागेल.”

बाईची दया येत होती, खोटं कशाला बोलू? पण नोकरीच्या पहिल्या दिवशी शपथ घेतली होती, ऐकेन ते सगळं सांगेन. दया आली तर सोडून, असं त्या शपथेत नव्हतं. मी उरलेलं वाक्य सांगितलं. साहेबांनी टाक खाली ठेवला, बाईकडे पाहिलं आणि सात दिवसांची कैद दिली.

टिफिनच्या वेळी अण्णांनी मला फैलावर घेतलं. “काय मिळवलंस?”

“काहीच नाही,” मी म्हटलं. “पण हिच्यासाठी गाळलं, तर शिपायासाठीही गाळायला हवं. आणि सगळेच दुभाषे असं करू लागले, तर आपण सांगतो ते कुणी खरं का मानावं?”

“शहाणाच आहेस!” अण्णांनी डबा उचलला आणि दुसरीकडे जाऊन बसले.

आठव्या दिवशी चंद्राबाई कोर्टाच्या दारात उभी.

“सासू कशी आहे?” मी चाचरत विचारलं.

“नणंदेनं सांभाळली. तूच ना रं तो, सायबाला सगला सांगणारा?”

“हो बाई. राग आला?”

“राग कशाला? सायबानं ऐकावा म्हणूनच बोलले. माजा बोलणा गिळणारा तू कोण?”

एवढं बरं मला त्या नोकरीत कधी वाटलं नाही. तिनं पाटीतला पापलेट पुढं केला. आम्ही मासे खाणारे, तोंडाला पाणी सुटलं. पण पक्षकाराकडून काही घ्यायचं नाही, हाही नियमच.

“मग इकत घे,” ती म्हणाली.

भाव ऐकून मी सवयीनं घासाघीस सुरू केली. सात दिवस माझ्यामुळे बसून आलेली बाई, पण मला लाज वाटली नाही.

“तुला कमी केला, तर दुसऱ्याला काय सांगू? सगल्यांना एकच भाव.”

अण्णांना मी दुसरं काय सांगत होतो? मुकाट्यानं पूर्ण पैसे मोजले.