विलासने सोललेले वाटाणे

विलासच्या मुलीचा, मेघाचा फोन आला तेव्हा मी राजापुरात भाचीच्या साखरपुड्याच्या मांडवात, हातात पेढा घेऊन उभा होतो. ती म्हणाली, "काका, बाबा गेले." त्यावर मी जे बोललो ते लिहितानाही अंगावर काटा येतो. मी म्हणालो, "त्याला सांग, नाटक पुरे. फोनवर ये म्हणावं." सकाळी नऊला मी याच माणसाशी बोललो होतो हो! आणि आमच्या आळीच्या गणपतीत आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं नाटकं केली. विलासला मरायची भूमिका भारी प्रिय. एकदा तर तो इतका वेळ मरत राहिला की पडदा ओढणारा कंटाळून चहा प्यायला गेला. पण फोनवरचं रडणं नाटकातलं नव्हतं. आंघोळ करून आला, खुर्चीत बसला, आणि संपलं... तो पेढा मी कुठे ठेवला, मला आजही आठवत नाही.

विलास सरकारी कचेरीत कारकून. रत्नागिरीतल्या त्याच्या घरात सोफ्याला लागून काचेची टाकी होती आणि तिच्यात एकच गोल्डफिश. डोक्यावर मांसल टोपी, सुटलेलं पोट आणि सगळ्या जगावर नाराज असलेला चेहरा. विलासने त्याचं नाव 'साहेब' ठेवलं होतं. का, ते त्याच्या कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या गावात माशाचा कल्ला उघडून बघतात तो आज तळायचा की कालवणात घालायचा हे ठरवायला. तिथे हा गृहस्थ माशाचं पोट साफ आहे की नाही याच्या काळजीत! मी गेलो की मनगट धरून टाकीपुढे बसवायचा.

"बघ, पाठी काय लोंबतंय ते बघ."

"विलास, मी चहा प्यायला आलोय."

"चहा कुठे पळत नाही. शी आखूड आणि खाल्ल्याच्या रंगाची असली, पटकन तुटून पडली, की पोट बरं. लांबलचक दोरी ओढत फिरतोय, मध्ये हवेचे बुडबुडे, म्हणजे कोंडलंय. आणि पांढरी, पारदर्शक दोरी असली तर पोट रिकामं तरी आहे नाहीतर आतडं बिघडलंय. कळलं?"

"मला कळून काय करायचंय, मेल्या?"

एकदा साहेब कलंडून तरंगायला लागले तेव्हा हा औषधाच्या दुकानात एप्सम सॉल्ट, म्हणजे पोट साफ करायचं मीठ, मागायला गेला. दुकानदाराने विचारलं, "त्रास कोणाला?" "साहेबांना." "वय?" "तीन वर्षं." दुकानदार पुडी हातात तशीच धरून बघत राहिला. ही गोष्ट मी किमान शंभर घरांत साभिनय सांगितली आहे. विलासची बायको शालिनीवहिनी दर वेळी कपाळावर हात मारायच्या. "भाऊजी, मासा आहे की जावई, तेच मला कळत नाही!"

आता मुख्य गोष्ट. विलास गेल्यावर घरात माणसांची रीघ लागली. भेटायला आलेला माणूस सोफ्यावर टेकतो, बोलायला शब्द सुचत नाहीत, हातांचं काय करावं कळत नाही... आणि शेजारीच टाकी, टाकीवर खाण्याची डबी. "विलासचा फार जीव होता हो याच्यावर," असं म्हणायचं, डोळे पुसायचे आणि चिमूटभर दाणे आत टाकायचे. प्रत्येकाने हेच केलं. कोणी बिस्किटाचा चुरा घातला, कोणी भाताची शितं. मीही घातले, कशाला लपवू? चौथ्या दिवशी सकाळी साहेब पोट वर करून पाण्यावर तरंगत होते. कल्ले तेवढे हलत होते.

विलास गेल्यापासून वहिनी रडल्या नव्हत्या. त्या टाकीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, हासुद्धा गेला तर मी या घरात राहणार नाही. कुलूप लावून मेघाकडे पुण्याला जाईन."

मी हादरलो. इतकी वर्षं मी विलासच्या त्या धड्यांची नक्कल करत आलो होतो. ते खरंच कधी लागतील असं स्वप्नातही आलं नव्हतं. विलास म्हणायचा, पोट कोंडलं की दोन दिवस उपवास आणि तिसऱ्या दिवशी वाटाणा; पण खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे राहिले तर ते नुसतं कोंडलेलं पोट नव्हे, मग वाटाण्याने काही होत नाही. मी बॅटरी घेऊन बाजूने बघितलं, वरून बघितलं. खवले चप्प बसलेले होते. मग डबी कपाटात टाकली, तळाशी कुजणारी शितं उपसली, थोडं पाणी बदललं आणि टाकीवर कागद चिकटवला: 'साहेबांचा उपवास आहे. कृपया काही घालू नये.'

देवरूखहून विलासची आत्या आली होती. ती कागद वाचून माझ्यावर कडाडली, "मेल्या, सुतकाच्या घरात मुक्या जिवाला उपाशी मारतोस? वायच चार दाणे घाल!"

"आत्ये, चार-चार दाण्यांनीच ही वेळ आणलीय."

"तू डॉक्टर कधी झालास?"

दोन दिवस मी टाकीपुढे स्टूल टाकून पहारा दिला. तिसऱ्या दिवशी वाटाणा हवा होता. उकडलेला, साल काढलेला, कुस्करलेला. बाजारात मटार नव्हता. "फ्रीझरमध्ये बघा," वहिनी म्हणाल्या. बर्फाच्या मागे एक छोटा डबा सापडला. आत उकडून सोललेले वाटाणे, विलासने ठेवलेले. साल काढताना रुतलेली त्याच्या नखाची खूण एकेका वाटाण्यावर तशीच होती... वहिनींनी त्यातला एक उचलला, कितीतरी वेळ तळव्यावर ठेवला. मला वाटलं, त्या तो परत ठेवतील. पण त्यांनी तो बोटांनी कुस्करला, त्या खुणेसकट, आणि साहेबांच्या तोंडापाशी धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. वहिनी ओरडत होत्या, "भाऊजी, झाली! आखूड, हिरवी!" मागून आत्या विचारत होती, "काय गो, काय झाली?" वहिनी हसत सुटल्या, आणि हसता हसताच, पहिल्यांदा, त्यांनी हंबरडा फोडला.

परवा गेलो तेव्हा साहेब सरळ पोहत होते. मेघा पुण्याला बोलावते आहे, पण वहिनी म्हणतात, साहेबांना तिकडचं पाणी मानवायचं नाही. सरबतासाठी बर्फ काढायला मी फ्रीझर उघडला, तर आतल्या खोलीतून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, मागच्या डब्याला हात लावू नका. मी सोललेले पुढच्यात आहेत."

"तुमच्या हातचे खातात साहेब?"

"खातात. दोनदा थुंकून टाकतात," वहिनी म्हणाल्या, "तिसऱ्यांदा गिळतात."