माझे तीन फ्लेक्स

वकिलाने जाहिरात करायची नाही, पाटीसुद्धा बेताचीच लावायची, हा नियम मी कुंभकोणमला तीस वर्षं पाळला. मग तिरुभुवनमच्या एका विणकराची केस जिंकून दिली. त्या आनंदात त्याने बसस्टँडसमोर माझा फ्लेक्स लावला. मी हात जोडून उभा आणि मागे देवळातला हत्ती! आमच्याकडे बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्याचा फ्लेक्स लागतो, त्यामुळे त्याला यात काही गैर वाटलं नाही. मला मात्र वकिलांच्या परिषदेची नोटीस आली.

मी विणकरावर खेकसलो. त्याने निमूटपणे फ्लेक्स उतरवला. पण चारचौघांत केलेली चूक चारचौघांतच कबूल करायची, ही त्याची रीत. दुसऱ्या दिवशी तिथेच दुप्पट मोठा फ्लेक्स झळकला: ‘वकीलसाहेबांची जाहिरात केल्याबद्दल क्षमा असावी.’ आता हत्ती दोन होते.

माझं डोकंच फिरलं. मला कसलीही प्रसिद्धी नको, अशी सक्त ताकीद मी त्याला लेटरहेडवर लिहून पाठवली. मला प्रसिद्धी नको याचा पुरावा म्हणून त्याने तीच मोठ्या फ्लेक्सवर छापून तिथेच टांगली, माझ्या पत्त्या-फोनसकट.

सकाळी पहिला फोन परिषदेतल्या कारकुनाचा आला. मी घाबरत उचलला. त्याला घरच्या वाटणीसाठी वकील हवा होता.